काठावरची काठी

मित्रांनो, पोहण्याच्या तलावावर गेलात तर भिंतीकडे एकदा नजर टाका. आमच्या तलावाच्या भिंतीवर, मोठ्या घड्याळाखाली, दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक लांब काठी आहे. तिच्या एका टोकाला काळे रबर गुंडाळलेले आहे. मधला भाग हात लागून लागून मधाच्या रंगाचा झाला आहे. ती काठी म्हणजे मी. पहिल्यांदा येणारी मुले मला बघून आईला विचारतात, "हिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतात का गं?" मला त्याचा राग येत नाही. प्रश्न विचारणारी मुले मला आवडतात, कारण मी स्वतःही तशीच आहे.

मी जन्माने बांबू. एका ओढ्याच्या वळणावर आमचे दाट बेट होते. तिथे वारा आला की आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर रेलत असू आणि खालून जाणाऱ्या पाण्याकडे बघत असू. एके दिवशी तोडणारा आला. त्याने मला कापले, सावलीत वाळवले, माझ्या गाठी तासून गुळगुळीत केल्या आणि बाजारात उभे केले. तिथून एका रंगाऱ्याने मला उचलले. तो माझ्या टोकाला ब्रश बांधायचा आणि उंच छत रंगवायचा. त्याच कामासाठी तो मला या तलावावर घेऊन आला.

तलाव तेव्हा नवा होता. वर पत्र्याचे उंच छत, खाली पाणी. मी थक्क झाले. आमच्या ओढ्याचे पाणी सतत कुठेतरी निघालेले असे. हे पाणी मात्र चौकोनी होते, निळे होते आणि जागेवरून हलत नव्हते. एवढे पाणी माणसांनी कशासाठी कोंडून ठेवले असेल? रंगाऱ्याचे काम संपले, त्याने ब्रश सोडला, शिडी खांद्यावर टाकली आणि मला कोपऱ्यात विसरून तो निघून गेला. माझ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला तिथे राहायला मिळाले, हे माझे नशीब.

काही दिवसांनी तलावावर एक तरुण प्रशिक्षक आली. उंच, सडपातळ, केस कानाच्या खालीच कापलेले. व्यवस्थापकाने तिला वरून खाली न्याहाळले आणि म्हटले, "लहान मुलांना शिकवायचं आहे. जमेल ना?"

"मुलं किती लहान आहेत?" तिने विचारले.

"पाण्याला घाबरतील एवढी."

"मग बरं आहे," ती म्हणाली. "घाबरणाऱ्यांचं पाण्याकडे लक्ष असतं."

तिने कोपऱ्यातून मला उचलले, हातात तोलून बघितले आणि पंपवाल्या काकांकडे नेले. तलावाचे पाणी गाळणाऱ्या यंत्राची देखभाल करणारे हे काका गोलमटोल होते आणि त्यांची बडबड पंपापेक्षा जास्त चालायची. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून माझ्या टोकावर घट्ट गुंडाळली. "घे ताई," ते म्हणाले. "आता कोणाच्या डोक्यात बसली तरी टेंगूळ येणार नाही." तेव्हापासून ती सगळ्यांची ताई झाली आणि मी ताईची काठी.

माझे काम सोपे होते. ताई काठावरून चालायची आणि माझे रबराचे टोक पाण्यावर धरायची. पाण्यातले मूल ते टोक दोन्ही हातांनी पकडायचे आणि पाय मारत पुढे यायचे. त्या लहान बोटांतून मला सगळे समजत असे. सुरुवातीला मूल मला इतके आवळायचे की माझ्या रबराला खळ्या पडायच्या. मग पकड सैल व्हायची. मग नुसती बोटे टेकलेली राहायची. आणि मग एका क्षणी बोटे माझ्यावर नसायचीच. तो क्षण नेमका कोणता, हे मला कधीच पकडता आले नाही. मी दर वेळी टक लावून वाट बघायची आणि दर वेळी तो माझ्या नकळत निसटून जायचा. मुलालाही कळायचे नाही. ताईला मात्र कळायचे. ती मला हळूच वर उचलून घ्यायची.

ताई ओरडत नसे. इतर तलावांवरचे प्रशिक्षक आले की त्यांच्या आवाजाने छताचा पत्रा थरथरायचा. ताई मान एका बाजूला कलवून उभी राहायची, डोळे मिटायची आणि पाण्याचा आवाज ऐकायची. मूल काठाशी आले की तिचा एकच प्रश्न असे, "पाणी कुठे लागलं?"

सुरुवातीला मुले गोंधळायची. एकजण म्हणाला, "नाकात."

"आणि?"

"तोंडात पण."

सगळे हसले. ताई पण हसली. "आता परत जाऊन ये. तळहाताला कुठे लागतं ते बघ. बोटांना लागतं की मनगटाला?"

तो गेला आणि परत आला तो डोळे विस्फारून. "ताई, कोपरापर्यंत लागतं! हात सरळ आत घातला की एवढं लागत नाही, पण कोपर वर ठेवलं की पाणी धरता येतं."

"हो का?" ताई अशी म्हणाली, जणू तिला हे नवीनच कळले होते. मला बरेच दिवस वाटत होते की तिला खरेच माहीत नाही, म्हणून ती विचारते. मग लक्षात आले की उत्तर तिला माहीत असायचे, पण ते मुलांच्या तोंडून यायला हवे असायचे. जे मूल स्वतः शोधते ते विसरत नाही. त्या गोंधळलेल्या मुलांनी पुढे जाऊन जिल्ह्याच्या, मग राज्याच्या, मग देशाच्या स्पर्धा जिंकल्या. व्यवस्थापकाच्या खोलीत ढाली मावेनाशा झाल्या. मोठ्या संघाची जबाबदारी ताईकडे आली. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. त्यात तिच्या हातात मी होते. फोटोत माझे टोक कापले गेले होते, पण त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. बांबूवर चढू शकेल तेवढे.

एक गोष्ट मात्र मला आणि मुलांनाही कोड्यात टाकायची. ताई स्वतः कधीही पाण्यात उतरत नसे. कडक उन्हाळ्यातही नाही. इतरांचे प्रशिक्षक सकाळी दोन फेऱ्या मारून ताजेतवाने व्हायचे. ताई काठावर बसून नुसते पाय बुडवायची, तेही उथळ बाजूला. मुलांनी यावर पुष्कळ तर्क लढवले. कोणी म्हणे तिला सर्दी होते. कोणी म्हणे तिला केस ओले केलेले आवडत नाहीत. एका शहाण्याने तर जाहीर केले की ताईला पोहताच येत नाही, आणि हे गुपित फुटू नये म्हणून सगळ्यांनी शपथ घेतली. मला हसू यायचे, पण मनात प्रश्न तसाच राहायचा. जिला पाण्याचे एवढे कळते, ती पाण्यापासून लांब का?

याच काळात भिंगरी आली. तिचे खरे नाव तलावावर कोणी घेतले नाही. ती पहिल्या दिवशी आली तीच पळत, काठावरून घसरली आणि उठून पुन्हा पळाली. ताई म्हणाली, "हिच्या पायाला भिंगरी आहे." झाले. तेच नाव पडले. तिचे वडील शिंपी होते. गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून ते तिला आणायचे आणि बाकावर बसून कोणाच्या तरी शर्टाची काजे करत थांबायचे. त्यांचे बोलणे कमी, पण मुलगी पाण्यात असली की सुई बोटांत तशीच थांबायची.

भिंगरीने मला फार लवकर सोडले. इतक्या लवकर की मला थोडे वाईटच वाटले. तिचा हात पाण्यात शिरायचा तेव्हा आवाज जवळजवळ होत नसे. ती वाढली, तिचे हात लांब झाले, खांदे रुंद झाले. वडील थट्टेने म्हणायचे, "दर वर्षी हिच्या फ्रॉकला कापड वाढवावं लागतं, ताई. तुम्ही हिला काय खायला घालता?" सतराव्या वर्षी ती देशातली सगळ्यात वेगवान मुलगी झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. निवड चाचणी जवळ आली होती. भिंगरीचे नाव नक्की आहे असे सगळे धरून चालले होते.

एका सकाळी सराव चालू असताना ताईने डोळे मिटले, मान कलवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती काठावरून भिंगरीच्या बरोबरीने चालू लागली. मीही कान टवकारले. डावा हात आत जाताना नेहमीसारखाच गप्प होता. उजवा मात्र जाताना पाण्यावर चापट मारत होता. हलकी, पण प्रत्येक वेळी.

भिंगरी काठाशी आली. "पाणी कुठे लागलं?" ताईने विचारले.

"सगळीकडे," भिंगरी म्हणाली. ती ताईकडे बघत नव्हती.

"वर ये जरा."

ती वर आली. ताईने मला तिच्या हातात दिले. "दोन्ही हातांनी धर आणि सावकाश डोक्यावर ने."

भिंगरीने मला धरले. मित्रांनो, मी तिला लहानपणापासून ओळखत होते. तिची बोटे माझ्यावर कशी असतात ते मला ठाऊक होते. ती मला वर नेऊ लागली. छातीपर्यंत ठीक होते. खांद्याच्या वर जाताच उजवा हात थरथरला आणि मी त्या बाजूला कलले. तिने दात आवळले, डाव्या हाताचा जोर वाढवला आणि मला कसेबसे वर नेले. "झालं?" ती म्हणाली. चेहरा हसरा होता. माझ्या अंगातून मात्र तिची वेदना सरळ खाली उतरत होती. मला बोलता येत असते तर मी तिथेच सांगून टाकले असते. पण त्याची गरज नव्हती. ताईने बघितले होते.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही."

"भिंगरी."

"दुखत नाही म्हटलं ना, ताई!" आणि ती कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेली.

त्याच दिवशी ताईने व्यवस्थापकाच्या खोलीत शिंप्याला बोलावले. मला तिने दाराशी टेकवले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. तिने सांगितले की भिंगरीला चाचणीला उतरवायचे नाही. आधी खांदा डॉक्टरांना दाखवायचा.

शिंप्याचा चेहरा पडला. "ताई, मुलगी म्हणते दुखत नाही."

"तिला जायचं आहे म्हणून ती असं म्हणते."

"मग जाऊ द्या की. चार वर्षांनी येते ही संधी. नंतर काय ती म्हातारी झाल्यावर जाणार?"

"खांदा शाबूत राहिला तर चार वर्षांनी जाईल. आता ओढून नेलं तर परत कधीच नाही."

व्यवस्थापक मध्ये पडला. तलावाचे नाव होणार होते आणि ते हातचे जाताना त्याला दिसत होते. "तुम्हाला काय कळणार त्या पोरीच्या मनातलं?" तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतः कधी पोहायला उतरला आहात का?"

ताईने डाव्या कानावरचे केस मागे सारले. कानामागे एक लांब पांढरा व्रण होता.

"मी हिच्याएवढीच होते," ती म्हणाली. "देशाच्या संघात होते. कान फुटला होता, पू यायचा. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, पोहायला हात लागतात, कान नाही. मला पण जायचंच होतं, मग मी कापूस घालून पोहले. जिंकले पण. नंतर दोन ऑपरेशनं झाली. या कानाने मला ऐकू येत नाही. आणि तोल गेला. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे, ते मला कळत नाही. त्या स्पर्धेनंतर मी एकदाही पोहलेले नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. ती एखादा पत्ता सांगावा तसे सांगत होती.

दाराशी टेकून मी विचार करत राहिले. म्हणजे ती मान कलवायची ती चांगला कान पाण्याकडे करायला. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकदा काका माझे रबर बदलायला मला घेऊन गेले होते, तेव्हा ताई काठावरून चाललीच नव्हती. ती भिंतीला हात लावून लावून लांबून गेली होती. इतकी वर्षे मी समजत होते की मी मुलांच्या आधारासाठी आहे. ओल्या काठावरून चालताना ताई माझे दुसरे टोक जमिनीला का टेकवते, हा प्रश्न माझ्यासारख्या चौकस काठीला एकदाही पडला नव्हता.

शिंप्याने मान खाली घातली होती. "तुमच्याबाबतीत वाईट झालं, ताई," तो म्हणाला. "पण ते तुमचं झालं. माझ्या मुलीचं तसंच होईल, हे कशावरून?" त्याचेही चूक नव्हते. आपल्या लेकीच्या डोळ्यांतले तेज त्याने रोज बघितले होते. दुसऱ्या दिवसापासून तो तिला दुसऱ्या तलावावर नेऊ लागला. आठवडाभरात व्यवस्थापकाने मोठ्या संघासाठी नवा प्रशिक्षक आणला आणि ताईला पुन्हा लहान मुलांचा उथळ तलाव दिला.

"बरं," ताई म्हणाली. मला टेकत टेकत ती तिकडे गेली. नव्या प्रशिक्षकाच्या गळ्यात शिट्टी होती. ढाली मिळवून देणारी मुले ताई समोरून आली की बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकू लागली.

चाचणी झाली. भिंगरी निवडली गेली. खांद्यात इंजेक्शन घेऊन ती पोहली होती, हे नंतर कळले. बातमी व्यवस्थापकाने मुद्दाम उथळ तलावापाशी येऊन मोठ्याने सांगितली. तो गेल्यावर ताईने काकांना विचारले, "तुम्ही गेला होतात ना बघायला? शेवटच्या फेरीत उजवा हात कसा होता?"

"मी काय हात बघतोय?" काका म्हणाले. "पोरगी जिंकली एवढं बघितलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मी पण वाजवल्या." मग ते थोडे थांबून म्हणाले, "ताई, तुझं चुकलं असं लोक म्हणतात."

"चुकलं असेल तर बरंच आहे," ताई म्हणाली. "माझं चुकावं असंच मला वाटतंय." तिला पराभवाचा राग आला असेल असे मला वाटले होते. ते वाक्य ऐकून मला तिच्याविषयी नव्याने कुतूहल वाटू लागले.

काही दिवसांनी, सकाळी तलाव उघडत असतानाच शिंपी आला. गळ्यात मोजपट्टी होती, डोळे लाल होते. तो काठाशी उभा राहिला. चपला काढायचे भान त्याला नव्हते.

"संघाचा कोट मिळतो तयार," तो म्हणाला. "पण म्हटलं, माझ्या मुलीचा मी शिवणार. बाहीचं माप घ्यायला हात वर कर म्हटलं. तर तिने..." त्याने आपला डावा हात उजव्याखाली धरला आणि तो उचलून दाखवला. "असा केला, ताई. डाव्याने उजवा उचलला. मला बघून हसली वर."

मला वाटले आता ताई बोलेल. तिचा हक्क होता. पण तिने फक्त विचारले, "कुठे आहे ती?"

"बाहेर. आत यायला लाजते."

ताईने मला भिंतीला टेकवले आणि काहीही न धरता, सावकाश, ओल्या फरशीवरून ती बाहेर गेली.

डॉक्टरांनी सांगितले की खांद्यातला स्नायूंचा दोर अर्धा फाटला आहे. तो पूर्ण तुटला नव्हता, एवढेच काय ते समाधान. स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. भिंगरी कित्येक दिवस कोणाशी बोलली नाही. ती उथळ तलावाच्या काठावर पाय सोडून बसायची आणि लहान मुलांकडे रागाने बघायची. ताईने तिला बसू दिले. समजावले नाही, रागावली नाही. मग एके दिवशी भिंगरी स्वतःच कमरेएवढ्या पाण्यात उतरली. ताईने माझे रबराचे टोक तिच्यापुढे धरले. "हात नाही वापरायचे. नुसते पाय."

देशातली सर्वांत वेगवान मुलगी माझे टोक धरून पाय मारू लागली. शेजारून एक चिमुरडी तिच्याकडे बघत होती. "तुला पोहता येत नाही?" तिने विचारले.

"नाही," भिंगरी म्हणाली. "शिकतेय."

"घाबरू नकोस हं. मी पण आधी रडायचे."

भिंगरी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

हळूहळू हात पाण्यात गेले. ताईने तिची पद्धत मुळापासून बदलली. खांद्याऐवजी पाठीतून जोर काढायचा, अंग जास्त वळवायचे, हात थोडा रुंद टाकायचा. हे बोलायला सोपे, पण अंगवळणी पडलेली सवय मोडताना भिंगरी मेटाकुटीला आली. आणि एका सकाळी ती काठाशी येऊन थांबली. "पाणी कुठे लागलं?" ताईने नेहमीप्रमाणे विचारले.

भिंगरीने विचार केला. "कोपराला चांगलं लागलं. पण शेवटी उजव्या खांद्याच्या मागे थोडं दुखलं. आत्ताच, या फेरीला."

"शाब्बास," ताई म्हणाली. "आजचं पोहणं बंद. वर ये."

एवढ्या ढाली मिळाल्या, पण ताईच्या तोंडून इतके मनापासून शाब्बास मी त्याआधी ऐकले नव्हते. आणि ते दुखते असे सांगितल्याबद्दल होते.

पुढच्या जागतिक स्पर्धेला भिंगरी गेली. ताईही तिच्याबरोबर गेली. मला विमानात जागा नव्हती, त्यामुळे मी काकांच्या पंपाच्या खोलीत राहिले. तिथल्या छोट्या टीव्हीपुढे तलावावरची सगळी मुले दाटीवाटीने बसली होती. शिंपी एका पायावर उभा होता, कारण दुसरा ठेवायला जागाच नव्हती. शर्यत सुरू झाली आणि काकांची बडबड आयुष्यात पहिल्यांदा थांबली. भिंगरी तिसरी आली. मुलांनी एवढा दंगा केला की मी खुंटीवरून खाली पडले आणि मला कोणी उचलले नाही. माझी तक्रार नव्हती. जमिनीवर पडल्या पडल्या मला टीव्हीवरचा प्रश्न ऐकू आला. कोणीतरी भिंगरीला विचारत होते, की तुझ्या प्रशिक्षकांनी तुला काय शिकवलं? ती म्हणाली, "थांबायला."

त्यानंतर दिवस पालटले. मोठा संघ ताईकडे परत आला. तलावाला कॅमेरे बसले, पाण्याखालून मुलांचे हात पडद्यावर दिसू लागले. ताई पडदा कुतूहलाने बघायची आणि मग डोळे मिटून ऐकायचीच. तिची मुले मोठी झाली, त्यांतली कितीतरी स्वतः प्रशिक्षक झाली. त्यांच्या तलावांवरची मुले इथे स्पर्धेला आली की एक गंमत दिसायची. ते सगळे प्रशिक्षक काठावर उभे राहून मान एका बाजूला कलवत. त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते. मान का कलवायची हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नव्हते. ताईला ते बघून हसू आवरायचे नाही.

मग एकदा देशभरातल्या प्रशिक्षकांना ताईने शिकवावे, असे ठरले. ते आमच्याच तलावावर जमले. ताईने त्यांना डोळे मिटून काठावर उभे केले आणि विचारले, कोणत्या मुलाचा कोणता हात थकला आहे? मोठमोठी माणसे शाळकरी मुलांसारखी चुकत होती. ताईचे केस आता पांढरे झाले होते. मागच्या बाकावर एक खूप म्हातारे गृहस्थ बसले होते. ते डोळे मिटत नव्हते. ते फक्त ताईकडे बघत होते.

सगळे चहाला गेल्यावर ते उठले. भिंतीचा आधार घेत घेत ते ताईच्या मागून आले. ताई पाण्याकडे तोंड करून उभी होती. ते तिच्या डाव्या बाजूला थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कान नाही लागत म्हटलं होतं मी. त्या दिवशी मी तुझं ऐकायला पाहिजे होतं. माझं चुकलं, बाळ."

ताई पाण्याकडेच बघत राहिली. तिने काहीच उत्तर दिले नाही. ती माफ करणार नाही, असा अर्थ म्हाताऱ्या सरांनी लावला आणि ते परत फिरू लागले. मी ताईच्या मुठीत होते. मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला. तिने ऐकलेच नव्हते! तो तिचा गेलेला कान होता. मला जीभ असती, एक शब्द बोलता आला असता, तर मी माझी सगळी वर्षे त्या बदल्यात दिली असती.

सरांचा पाय ओल्या फरशीवर जरा घसरला. ताईने वळून पाहिले. तिने त्यांना ओळखले.

"सर," ती म्हणाली. "तुम्ही काही म्हणालात का? या बाजूला या. त्या कानाने मला ऐकू येत नाही."

ते तिथेच थिजले. मग एक एक पाऊल टाकत तिच्या उजव्या बाजूला आले आणि जे एकदा बोलायला त्यांना सारे आयुष्य लागले होते, ते त्यांनी दुसऱ्यांदा सांगितले. ताईने मान कलवली. पाण्याचा आवाज ऐकायची तशी. माझ्यावरची तिची मूठ आवळली गेली आणि मग सैल झाली.

"त्या दिवशी नंतर मी पण खोटं बोलले होते, आता दुखत नाही म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हटलं असतंत तरी मी पोहले असते."

"म्हणून तर नको म्हणायचं काम माझं होतं," सर म्हणाले.

ताईने मला त्यांच्या हातात दिले. "फरशी ओली आहे. धरून चाला," ती म्हणाली. "लहान मुलं आता येतील. बघायला थांबता का?"

ते थांबले. मला मांडीवर आडवे घेऊन ते बाकावर बसले आणि एक मूल पाण्याशी झटापट करत असताना पुढे झुकून बघत राहिले. त्यांचा हात थंड होता, मोठा होता. त्या हाताचा मला राग येईल असे वाटले होते. आला नाही. का आला नाही, ते मी अजून शोधते आहे.

ताई आता तलावावर रोज येत नाही. मीही थकले आहे. माझ्या अंगाला एक उभी चीर गेली आहे आणि पंपवाल्या काकांच्या जागी आलेल्या माणसाने तिथे दोरी बांधली आहे. तरी नवी मुले आली की मला खाली काढतात. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. अंग दुखत असेल तर दुखते म्हणा. त्याने तुम्ही छोटे होत नाही. आणि पुढे तुम्ही कोणाचे ताई, दादा, सर व्हाल, तेव्हा समोरचे मूल "काही नाही" म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नका. थांबा, पुन्हा विचारा. चीर पडलेल्या बांबूला दोरी बांधता येते. पण ती चीर आधी कोणाला तरी दिसावी लागते.

बाहेर चपलांचा आवाज येतो आहे. आज एक नवी मुलगी येणार आहे असे म्हणतात. ती फार घाबरते म्हणे. ती मला कशी पकडेल, हे बघायची मला घाई झाली आहे.